ड्रॅगन पाळणे इतके सोपे नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील वेगळ्या पाळीव प्राण्यांवरच्या लेखात बिअर्डेड ड्रॅगनला 'कमी कटकटीचा' म्हटले आहे. तो भुंकत नाही आणि त्याला फिरायला न्यावे लागत नाही, एवढ्यापुरते ते खरे. पण हा सरडा मध्य ऑस्ट्रेलियाच्या रखरखीत भागातला. त्याला ३० ते ४० टक्के आर्द्रता मानवते आणि आपल्याकडे जुलैत ती ८० च्या वर जाते.

सर्वाधिक हाल हाडांचे होतात. अतिनील-बी किरणांशिवाय त्याच्या अंगात ड३ जीवनसत्त्व पुरेसे तयार होत नाही आणि मग खाल्लेले कॅल्शियम वाया जाते. 'गॅलरीच्या काचेतून ऊन येतेच की' हे ऐकून कान किटले. ते किरण काच अडवते! हेच किरण देणारी यूव्हीबी ट्यूबही सहा ते बारा महिन्यांत निकामी होत जाते. उजेड मात्र तसाच दिसतो, त्यामुळे कुणी ती बदलत नाही. जबडा मऊ पडणे किंवा सुजणे, बोटे थरथरणे, पोट उचलून चालता न येणे, ही लक्षणे दिसली की एक्स-रे काढायलाच हवा. वाकलेली हाडे बहुधा पूर्ववत होत नाहीत, पण वेळीच उपचार मिळाले तर आजार तिथेच थांबतो. पालकाची भाजी रोज खाऊ घालणाऱ्यांनीही जपावे, त्यातले ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवते.

शेकायच्या दिव्याखाली तोंड उघडून बसणे हे आजाराचे लक्षण नव्हे, तो अंगातली उष्णता घालवत असतो. दिव्यापासून दूर असतानाही तोंड उघडेच, नाकातोंडात चिकट स्राव, श्वासाला घुरघुर असेल तर फुप्फुसाचा संसर्ग समजावा. घरातले उरलेले अँटिबायोटिक पाजू नये. शेकायची जागा ४० अंशांच्या आसपास आणि पेटीचे दुसरे टोक २५ ते २८ अंश हवे. एसीच्या खोलीत पेटी गारठली तर पोटातले अन्नही पचत नाही.

पिवळसर-तपकिरी खपल्यांना कात समजून हळद लावत बसू नये. ती बुरशी असू शकते, आणि ती दुसऱ्या ड्रॅगनला लागते. थंडीत तो सुस्तावतो हे खरे, पण किचनच्या काट्यावर दर आठवड्याला वजन घटत असेल तर ती सुस्ती नव्हे. विष्ठेची तपासणी करून जंत आणि कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) पाहावेत. आणखी एक, काजवा चुकूनही खायला देऊ नये. एकच त्याच्या जिवावर बेततो.

कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर सरपटणारे प्राणी बघत नाहीत, तेव्हा जाण्याआधी फोन करून विचारावे. आणि आपल्याला विनंती, यापुढे अशा लेखात प्राण्याच्या किमतीशेजारी यूव्हीबी ट्यूब, तापमापक आणि डॉक्टरांची फी यांचाही खर्च छापावा.

– एक वाचक, मुलुंड