ताई, ते घुबड शेवटी बोर्डवर बसलं! थँक यू

ताई, तुला मेसेजमध्ये नुसतं थँक्स टाकून झालं होतं पण ते फारच कोरडं वाटलं, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

त्या दिवशी मी तुला एवढंच विचारलेलं, स्केटबोर्डचं ग्राफिक करायला कुठलं सॉफ्टवेअर घेऊ, इलस्ट्रेटर की प्रोक्रिएट की फोटोशॉप. आणि तू उत्तरच दिलं नाहीस, उलट मलाच विचारलंस की छापणार कसं? मला तेव्हा खरं सांगतो थोडा रागच आला, म्हटलं हिला सरळ नाव सांगायला काय होतंय. छपाईचा मी विचारच केला नव्हता ना.

माझं घुबड टॅबलेटवर काढलेलं, 1920 पिक्सेल लांब, स्क्रीनवर एकदम झकास दिसायचं. तू म्हणालीस डेक, म्हणजे बोर्डची लाकडी फळी, 32 इंच लांब, भाग जरा. इंचाला 60 पिक्सेल! 300 डीपीआयने, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरून, छापायचं तर 8 बाय 32 इंचाला 2400 बाय 9600 पिक्सेल लागतात, आणि कडेने कापलं जाणारं मार्जिन वेगळंच, आणि एवढा मोठा कॅनव्हास घेतला की प्रोक्रिएटमध्ये लेयर किती मिळणार ते आयपॅडच्या मेमरीवर. हे सगळं तू चहा पिता पिता सांगितलंस आणि माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार.

मग कळलं की मला हीट ट्रान्सफरने छापायचंय, म्हणजे आधी फिल्मवर एकेक रंग स्क्रीनने, म्हणजे चौकटीवर ताणलेल्या जाळीतून, छापतात आणि मग ती फिल्म गरम करून डेकवर दाबतात, म्हणजे जितके रंग तितक्या स्क्रीन. अशा सपाट रंगांच्या, जाड रेषांच्या कामाला व्हेक्टरच बरं (पिक्सेल नाहीत, नुसत्या रेषा आणि आकार, कितीही मोठं केलं तरी फाटत नाही), आणि ते तर इंकस्केपमध्ये फुकटात होतं. मी उगाच दर महिन्याच्या सबस्क्रिप्शनचं फॉर्म भरत बसलो होतो. इंकस्केपचं काम मुळात आरजीबीमध्ये, म्हणजे छपाईच्या नाही तर पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत, चालतं म्हणून लोक नाकं मुरडतात, पण प्रत्येक रंगाची शाई वेगळीच मिसळणार असेल तर त्याने माझं काय अडणार होतं, हे तुझं म्हणणं मला दोन दिवसांनी समजलं. (फोटोसारखं शेडिंगवालं चित्र डिजिटल प्रिंटला द्यायचं असतं तर गोष्ट वेगळी, तिथे क्रिता किंवा फोटोशॉपच म्हणाली असतीस.)

ट्रेस बिटमॅप, म्हणजे चित्राच्या आपोआप व्हेक्टर रेषा करणारी कमांड, मारून मी खुश झालेलो, तू फाइल उघडून नुसती हसलीस. एका पंखात शेकडो नोड, म्हणजे रेषा वळवणारे बिंदू! शेवटी सगळं पेन टूलने हाताने परत काढलं, तीन रात्री गेल्या, पण रेषा आता माझी वाटते. आणि तो काळ्या रेषेखाली रंग थोडा आत सरकवायचा प्रकार, स्क्रीन जराशी हलली तरी मध्ये फट दिसू नये म्हणून, हे मी जिथे जिथे शोधलं तिथे कुणीच एवढं सोपं करून सांगितलं नव्हतं.

सगळ्यात भारी म्हणजे तो चित्राचा कागद. डेकच्या मापाचा कापून खाली चिकटव, बोल्टची आठ भोकं पाड आणि मग बघ म्हणालीस. बघितलं तर घुबडाचे दोन्ही डोळे बरोबर पुढच्या ट्रकच्या, म्हणजे चाकं बसतात त्या धातूच्या भागाच्या, खाली! हे कुठलंच सॉफ्टवेअर सांगत नाही गं. सगळं डोकं चार इंच मध्ये ओढलं तेव्हा कुठे ते बघायला लागलं.

आता बोर्ड हातात आहे. म्हणजे होता, पहिल्याच आठवड्यात रेलवर बोर्डस्लाइड मारून, म्हणजे बोर्डचं पोट रेलवर आडवं घसरवून, चोच घासून गेली, त्याचं काही वाटत नाही, ते होणारच. फाइल आहे, अक्षरं तू सांगितल्याप्रमाणे पाथमध्ये, म्हणजे फॉन्ट नसला तरी चालणाऱ्या आकारांत, बदललेली आहेत, हवं तेव्हा परत छापू.

एक कबुली मात्र द्यायची राहिली. केशरी काढून टाक, चार रंग पुरे, असं तू दोनदा बजावलं होतंस. नाही काढला. पाचवी स्क्रीन झाली आणि छापणारा वैतागला. सॉरी ताई, पण पायाची नखं केशरीच पाहिजे होती.