तात्याला बसवू की खेळवू?

सांगली,
गुरुवार, रात्री उशिरा

प्रिय बंड्या,

पत्राला उशीर झाला म्हणून माफीबिफी मागत नाही. तूही दिवाळीपासून फोन उचललेला नाहीस, तेव्हा हिशोब बरोबरीत. इथं सगळे बरे. आबांची शुगर आटोक्यात, आईचा गुडघा आहे तसाच. आता मुद्द्याचं. तात्याला, म्हणजे आपल्या शकलला, पोकेमॉनच्या टीममधून काढावं लागेल असं दिसतंय, आणि हे ज्याला सांगावं असा माणूस पृथ्वीवर एकच आहे. तो म्युनिकमध्ये बसून पाव खातोय.

घरात कुणापुढं बोलू? हिला म्हटलं, "तात्याचं काही खरं नाही गं." तर म्हणाली, "कुठले तात्या? यार्डातले? परवा तर बरे होते." मी गप्प बसलो. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर आता शकल म्हणजे काय हे सांगायला सुरुवात कुठून करू?

झालं असं. ताईचा वेदू अकरावीच्या क्लाससाठी आमच्याकडं राहतोय. तोच, ज्याच्या बारशात तू श्रीखंड सांडलंस. त्याला शोडाउन, म्हणजे पोकेमॉन लढवायचा तो ऑनलाइन खेळ, मीच शिकवला, टियर म्हणजे गट काय, लीड म्हणजे पहिला उतरवायचा तो काय, सगळं. विश्रामबागेत एका चहाच्या दुकानाच्या माडीवर आम्ही आठ-दहा जण रविवारी जमतो, सगळी पोरंच, म्हातारा मी एकटा. सध्या आठव्या पिढीच्या गेममधल्या ओयूची, म्हणजे मुख्य गटाची, नॉकआउट चालू आहे. नववी पिढी मी हट्टानं होऊ दिली नाही. स्कार्लेट-व्हायोलेटमध्ये शकलला जागाच नाही, मग ती पिढी काय चाटायची? येत्या रविवारी फायनल, मी विरुद्ध वेदू. गेल्या रविवारी सहज म्हणून आम्ही एक सामना खेळलो, आणि त्यात ह्या पोरानं तात्याला मारलंच नाही.

तुझ्या लक्षात आलं असेल, तरी लिहितो. मी नेहमीसारखा तात्या पुढं काढला. त्याचा गार्चॉम्प. पहिल्या टर्नला माझी स्टिकी वेब, म्हणजे आत येणाऱ्याचा वेग कमी करणारं जाळं, पडली, झकास. आता पुढचा शिरस्ता तुला पाठ आहे. समोरच्यानं टोले घालावेत, तात्यानं स्टेल्थ रॉक, म्हणजे आत येणाऱ्याला टोचणारे दगड, टाकावेत, समोरचा आगाऊ असेल तर एन्कोअर लावून त्याला तीच मूव्ह करत बसवावं आणि वेळेवर मरावं, म्हणजे माझा बिशार्प फुकटात आत येतो. दुसऱ्या टर्नला मी रॉक टाकायला गेलो आणि वेदूनं बरोबर त्याच टर्नला हॅटरीन आत घेतली. मॅजिक बाउन्स. माझेच दगड माझ्या अंगणात.

आणि मग तिनं तात्याकडं बघितलंसुद्धा नाही, स्वतःची ताकदच वाढवत बसली. काम माइंड. मी टॉक्सिक मारला तर तो माझ्याच अंगावर उलटला. परत काम माइंड. एन्कोअर लावावा तर तोही उलटणार. मी बिशार्प आत आणेपर्यंत ती फुगून बसली होती, एका मिस्टिकल फायरमध्ये त्याची राख झाली. तात्या शेवटपर्यंत जिवंत. टीममधले पाच गेले आणि हा एकटा कवचातनं मुंडी काढून उभा!

हरण्याचं काही नाही रे. खाली चहा पिताना पोरगं म्हणालं, "मामा, रविवारी तात्या आणू नकोस ना. मला मजा येणार नाही." एवढ्या प्रेमानं म्हणालं की माझा घोट घशातच अडकला. टोमणा मारला असता तर चार शिव्या देऊन मोकळा झालो असतो.

तेव्हापासून यार्डात बसलो तरी डोक्यात हेच. हळदीची आवक आता ओसरलीय, दुपारी गिऱ्हाईक नसतं. मी काटा पावतीच्या मागं आकडे मांडत बसतो. हात हळदीचे, त्यामुळं मोबाइलच्या काचेवर पिवळा अंगठा उमटतो आणि नेमका तात्याच्या तोंडावर बसतो. परवा आबांनी एक पावती उलटून बघितली. "६१४ क्विंटल कुणाचे?" म्हणाले. मी म्हटलं, "एका जुन्या पार्टीचे."

६१४ म्हणजे तात्याचा डिफेन्स, बोल्ड नेचर धरून पूर्ण भरलेला. त्या आकड्यानंच आपल्या दोघांचं वाटोळं केलं. हॉस्टेलला तू छाती काढून सांगायचास, "बेस डिफेन्स २३०, स्पेशल डिफेन्स २३०, ह्याला मारणारा अजून जन्मायचाय." रेस्ट, टॉक्सिक, लेफ्टओव्हर्स, आणि भिंत म्हणून उभा. अरे पण बेस एचपी, म्हणजे जीव, २०! कितीही भरलास तरी २४४. स्वप्न्याच्या ब्लिसीनं सिस्मिक टॉस काढला त्या रात्री तुझं तोंड बघण्यासारखं झालं होतं. त्या मूव्हला डिफेन्स कळत नाही, दर टोल्याला १०० ठरलेले. तीन टोल्यांत भिंत जमीनदोस्त, आणि तू मेसचं ताट न धुता झोपायला गेलास. मी तेव्हापासून म्हणतोय की तात्या भिंत नव्हे. त्याला दोन टर्न मिळतात, त्यात काय ते करून घ्यायचं आणि जायचं. तू ऐकलं नाहीस. तू कधीच ऐकत नाहीस. जुन्या गेममधल्या सियानवूडच्या त्या माणसाला त्याचा शकी नावाचा शकल परत देऊ नकोस, जीव लावला की तो स्वतःच म्हणतो ठेव तुझ्याकडं, हे मी तुला कॉम्प्युटर क्लासमध्ये ओरडून सांगितलं होतं. तरी माझ्या सेव्हमध्ये घुसून देऊन टाकलास! वर म्हणतोस, "दुसऱ्याची वस्तू आहे, परत द्यायला पाहिजे." माझी कंपासपेटी कुठाय मग?

जाऊ दे. तात्याच्या बाजूनं बोलायचं तर ह्या फॉरमॅटात जाळं टाकायला त्याच्याइतका भरवशाचा दुसरा मला दिसत नाही. वेदूचा गार्चॉम्प ३३३ स्पीडचा. जाळ्यात पाय पडला की दोन तृतीयांश, म्हणजे २२२. माझा बिशार्प २६२. एरवी जो गार्चॉम्प आधी येऊन भूकंप करून जातो, त्याच्या आधी माझा हात उठतो. वेदूनं कॉर्विनाइट आणून डीफॉगनं जाळं साफ केलं तर त्यानं समोरच्याची इव्हेजन, म्हणजे चुकवण्याची ताकद, उतरते आणि काही उतरलं की बिशार्पचा डिफायंट पेटून अटॅक दुप्पट. म्हणजे जाळं साफ करायचं तरी पोराला भीती. तेच जाळं झाडणाऱ्या एक्स्काड्रिलच्या रॅपिड स्पिनला माझा ड्रॅगापल्ट आहे, भुतावर स्पिन लागत नाही. कॉर्विनाइट उडता, त्याला जाळं लागत नाही, बूट घातलेल्यालाही लागत नाही, मान्य. पण बाकीचे अडकतात.

आणि तात्याच्या संथपणाला सगळे हसतात त्याचा मला राग येतो. तो शेवटी चालतो म्हणूनच त्याचा एन्कोअर त्याच टर्नच्या मूव्हवर बसतो. समोरच्यानं स्वोर्ड्स डान्स केला की तात्या मागून येऊन म्हणतो, नाच आता तीन टर्न. पळता घोडा हे करू शकेल का? टॉन्ट मारून कुणी ह्या मूव्ह बंद पाडल्या तर मेंटल हर्ब आहे, एक टॉन्ट फुकट जातो. सगळं बसतं. फक्त हॅटरीन बसत नाही.

काल रात्री दोनला उठून बसलो. वेदू आतल्या खोलीत फिजिक्स करत होता, निदान पुस्तक तरी उघडं होतं. मी एकेक मूव्ह घेऊन बघितली, हॅटरीनवरून काय काय उलटतं. वेब, रॉक, टॉक्सिक, एन्कोअर, चारही उलटतात. माझा अख्खा सेट! पण बंड्या, पॉवर स्प्लिट उलटत नाही.

उड्या मारू नकोस. हॉस्टेलला तू पॉवर स्प्लिटचा आग्रह धरायचास तो भिंतीसाठी, आणि ते कारण आजही येडपटच आहे. माझं कारण वेगळं आहे. टॉक्सिक तसाही ह्या पोरापुढं फुकट, कारण कॉर्विनाइट आणि एक्स्काड्रिल दोघं पोलादी, त्यांना विष लागत नाही, आणि तिसरी परत पाठवते. तो काढला आणि तिथं पॉवर स्प्लिट बसवली तर पहिल्याच टर्नला वेब टाकायची नाही. स्प्लिट मारायची. हॅटरीन आत आली तर तिचा स्पेशल अटॅक तात्याशी वाटून निम्म्यावर येतो. मग काम माइंड करत बसली तरी पाया खचलेला, आणि पुढच्याच टर्नला मी बिशार्प घेऊन उभा. त्याच्या आयर्न हेडपुढं ती टिकत नाही. तिला पळावंच लागेल, पळाली की स्प्लिट सुटते हे खरं, पण परत आत यायला पोरगं दहादा विचार करेल. तेवढ्यात वेब.

आणि एक्स्काड्रिलनं लीड केलं तर? त्याच्या मोल्ड ब्रेकरपुढं तात्याची एका टोल्यात न मरण्याची स्टर्डी काही कामाची नाही. पण तो जॉली नेचरचा असला तर अटॅक ३६९. आयर्न हेड तात्याला वाईटात वाईट १२६ बसते. दोन बसल्या तर २५२, तात्याचे २४४, खेळ खलास. पण पहिली बसल्यावर स्प्लिट मारली तर? तात्याचा अटॅक मी शून्य आयव्ही, म्हणजे जन्मजात गुण शून्य, ठेवून २२ वर आणलाय. ३६९ आणि २२ ची सरासरी १९५. दुसरी आयर्न हेड जास्तीत जास्त ६८. बेरीज १९४. तात्याचे ५० उरतात आणि वेब पडते! क्रिटिकल लागला तर माझं नशीब. पावती तिप्पट तपासली, हातचा सुटलेला नाही.

आता अडचण ऐक, कारण झोप ह्याच्यामुळंच उडालीय. वेदूला माहीत आहे की मी विचार करणार. मीच शिकवलंय त्याला, समोरचा काय विचार करतोय ते आधी बघ म्हणून. टीम प्रिव्ह्यूमध्ये तात्या दिसला की तो हॅटरीन लीड करेल? की मी बिशार्प लीड करेन असं समजून एक्स्काड्रिल काढेल? बिशार्प आणि एक्स्काड्रिल समोरासमोर आले तर माझा मेला. मग बिशार्प मागं ठेवून तात्याच पुढं काढणं बरं. पण मग सातव्या-आठव्या टर्नपर्यंत रॉक पडणारच नाहीत, आणि रॉक नाहीत तर कॉर्विनाइट आरामात ये-जा करतो. रॉक दुसऱ्या कुणावर टाकू? लँडोरस आहे माझ्याकडं, पण त्याला एकाच मूव्हला बांधणारा स्कार्फ घातलाय आणि तो काढायचा म्हणजे सगळी टीम उसवायची.

तू आता तुझं ठरलेलं वाक्य टाकशील, २०१४, वॉशिंग्टन, सेजुन पार्क, पचिरिसू. मला माहीत आहे. कोरियाच्या त्या गड्यानं वर्ल्ड चॅम्पियनशिपला खारुताई आणली आणि जिंकला, म्हणून आपण कुणालाही आणावं. अरे त्यानं तिला लाडानं नव्हतं आणलं. डबल्स होतं ते. फॉलो मी करून मार स्वतःवर ओढायचा, व्होल्ट ॲब्सॉर्बनं वीज गिळून टाकायची, म्हणजे शेजारचा ग्याराडोस वाचतो. तिचं काम दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं म्हणून ती होती. ह्याच्यावरून तू माझ्याशी आठवडाभर अबोला धरलास, आणि भडंगाचा पुडा एकट्यानं संपवलास. मला एवढंच ठरवायचंय, तात्या रविवारी कामाचा म्हणून येतोय, की पोरगं "आणू नकोस" म्हणालं म्हणून मी इरेला पेटलोय. यार्डात बसून आकडे मांडतो तेव्हा पहिलं वाटतं. त्याच्या खोलीचा दिवा दिसला की दुसरं.

बाकी रविवारी जमलो तर खरं. धरणातनं विसर्ग वाढवलाय, सकाळपासून जो तो आयर्विन पुलाखालचे फूट विचारतोय. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, अजून बरंच खाली आहे. पण २०१९ नंतर इथं लोकांना दहा फूट वाढलं तरी गाद्या माळ्यावर टाकायची घाई. आईनं लोणच्याच्या बरण्या आजच वर चढवल्या.

तुझं काय? छोटीचा फोटो बघितला, नाक तुझं आलंय, बिचारी. वहिनींना नोकरी लागली ना? छान झालं. काकूंना भेटून येईन, त्यांच्या पेन्शनचा तो कागद झाला म्हणे. डिसेंबरात येणार असलास तर तिकीट काढायच्या आधी सांग, नंतर नको.

शनिवारी रात्री दहाला टीम लॉक करायची आहे. त्याच्या आत दोनच ओळी लिही. तात्या लीड की बिशार्प लीड, आणि रॉक कुणावर. भिंत हा शब्द आला तर पत्र पुढं वाचणार नाही.

तुझा,
पक्या

ता. क. वेदूला यातलं अक्षर कळता कामा नये. तो तुला इन्स्टावर फॉलो करतो आणि तू त्याला मीम पाठवतोस, दोन्ही मला माहीत आहे.