रात्री उंची का कळत नाही

राजारामपुरी, कोल्हापूर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

२०१९ च्या महापुराचा विषय निघाला की तू मला एकच विचारतोस: माणसं छपरावर बसलेली असताना रात्री हेलिकॉप्टर उतरवायला काय अडचण असते? फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून लिहितोय. भावा, अंधारात आम्हा वैमानिकांना जमीन किती खाली आहे हेच कळत नाही.

दिवसा उंची डोळ्यांनीच जोखतो. झाड केवढं दिसतंय, उसाच्या सऱ्या किती स्पष्ट आहेत, जमीन किती वेगानं मागं सरकतेय. रात्री या खुणा पुसल्या जातात. त्यात शिरोळकडचं पुराचं पाणी! मैलोन्‌मैल सपाट, काळं. सर्चलाइट टाकून खाली आलं की पंख्याच्या वाऱ्यानं पाण्यावर लाटा उठून बाहेर पळतात. हेलिकॉप्टर जागेवर स्थिर असतं, पण डोळे सांगतात की आपण सरकतोय. हात आपोआप ते सावरायला जातो, आणि खरा धोका तिथंच असतो. मधे नुसता अंधार आणि पलीकडे गावाचे दिवे असले, की आपण आहोत त्यापेक्षा उंच आहोत असं वाटतं आणि नकळत खाली येणं होतं.

तू म्हणशील, यंत्र आहे की. आहे, पण साधा उंचीमापक हवेच्या दाबावर चालतो आणि समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो. कोल्हापूर साधारण १,८०० फुटांवर. काटा ३,००० वर असेल तर रंकाळ्यावर तू निवांत; तसाच पन्हाळ्याकडं गेलास तर डोंगरात. रेडिओ अल्टीमीटर जमिनीपासूनची उंची दाखवतो, पण फक्त खालची. समोरचा कडा त्याला दिसत नाही. नाइट व्हिजन गॉगलनं पुष्कळ फरक पडतो. तरी त्यातून सुमारे ४० अंशांचंच दृश्य दिसतं, सगळं एकरंगी, आणि अंतराचा अंदाज फसतो. विजेच्या तारा तर त्यातूनही बऱ्याचदा दिसत नाहीत.

खाली कुणी टॉर्च हलवत असताना मागं फिरणं फार जड जातं रे.

एक काम कर. तुमच्या गावात पुरातही कोरडी राहणारी मोकळी जागा कुठली आणि तिच्या आसपास तारा, खांब, टॉवर कुठं आहेत, ते दिवसाउजेडी फिरून कागदावर उतरव. पावसाळ्याआधी तो कागद तहसील कचेरीत दे आणि एक प्रत मला पाठव.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अजित