लोहाची गोळी आणि पाच वाजताचा चहा

भांडुप (पश्चिम), मुंबई
रविवार, दुपार

प्रिय शमे,

तुझ्या थायरॉइडच्या रिपोर्टचा फोटो मिळाला. तिरका काढलायस आणि कोपऱ्यात तुझा अंगठा आलाय, पण आकडा वाचता आला. टीएसएच ११.८. खाली तुझा प्रश्न, "आता जन्मभर गोळी का गं?" फोनवर सांगायला बसले तर तू मधेच तुझ्या जावेचं काहीतरी काढशील, म्हणून आज कागदच घेतला. घरातली सगळी झोपलीयेत, बाहेर पाऊस लागलाय, दोरीवरचे कपडे तिसऱ्या दिवशीही दमट आहेत. इस्त्रीही करता येत नाही. तेव्हा सावकाश वाच.

आधी माझी डोंबिवलीची गोष्ट. ती मी कोणालाच नीट सांगितलेली नाही. चार वर्षांपूर्वी एका संध्याकाळी सीएसएमटीहून स्लो कल्याण पकडली. खिडकी मिळाली, डोळे मिटले. घाटकोपरला बायकांची भांडणं होतात ना चढताना, तीही ऐकू आली नाहीत. भांडुप गेलं, मुलुंड गेलं, ठाणं गेलं, मुंब्र्याची खाडी गेली. डोंबिवलीला एकीने खांदा हलवला, "ताई, उतरायचंय का तुम्हाला?" आपण मिरजेच्या आजीकडे उन्हाळ्यात दुपारच्या झोपायचो आणि दिवेलागणीला उठल्यावर सकाळ की संध्याकाळ कळायचं नाही, आठवतं? तसं झालं. हात उचलेना. कशीबशी उतरले, फलाटावरच्या बाकावर बसले आणि रडले. घरी सांगितलं, गाडी लेट होती.

तोवर बाकी सगळं चालूच होतं. न्हाणीच्या जाळीत रोज केसांचा पुंजका. पोट साफ नाही. एसी ऑफिसात सगळ्या नॉर्मल आणि मी शाल घेऊन. आवाज असा बसलेला की तू फोनवर दर वेळी विचारायचीस, सर्दी झालीय का? आणि पाळी. महिन्यातले आठ-आठ दिवस, तेही धो धो. आपल्याकडे बाईने या गोष्टी एकेक करून सांगितल्या तर प्रत्येकीला एकेक उत्तर तयार असतं. केस? मुंबईचं पाणी. थकवा? चाळिशी. पाळी? जायची वेळ आली. सगळ्यांचा धागा एकच असेल हे मलाही सुचलं नाही.

मग रक्त तपासलं आणि थायरॉइड निघाला. ज्या डॉक्टरांकडे गेले त्यांचं क्लिनिक चकाचक. नंबर लावायचा, दीड तास बसायचं, आत तीन मिनिटं. ते रिपोर्ट बघायचे, मला नाही. आधी ५० ची गोळी. दोन महिन्यांनी ७५. मग १००, मग १२५. हे मायक्रोग्रॅम हं, मिलिग्रॅम नव्हे; इतक्या चिमूटभर औषधावर आपली गाडी चालते. दर वेळी एकच प्रश्न, "गोळी नियमित घेता ना?" मी म्हणायचे, हो. "मग वजन कमी करा, टेन्शन घेऊ नका." एकदा मी पाळीचं सांगायला तोंड उघडलं तर म्हणाले, ते गायनॅकला विचारा. गायनॅकला विचारलं तर तिने हिमोग्लोबिन बघितलं, ८.९, आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. दीड वर्षात एकानेही माझ्या गळ्याला हात लावला नाही. अगं, शाळेच्या पुस्तकातसुद्धा अवटू, म्हणजे हीच थायरॉइड ग्रंथी, गळ्यात दाखवलेली होती, आपण आकृती काढून नावं दिलीत!

सगळं खापर त्यांच्यावर फोडत नाही. मी काय कमी होते? जाऊबाईंनी सांगितलं म्हणून दोन महिने धण्याचं पाणी प्यायले आणि त्या भरवशावर रविवारची गोळी चुकवायचे. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या आणल्या त्या कोणाला सांगितल्याच नाहीत. औषध थोडंच ते, असं वाटायचं.

नवी डॉक्टर सापडली ती लेडीज डब्यात. आमच्या ग्रुपमध्ये एक बाई विद्याविहारला चढते, तिच्या गळ्यावर ऑपरेशनची बारीक रेघ आहे. मी पेंगताना बघून तिनेच विचारलं, "थायरॉइड ना? कोणाकडे दाखवता?" मी सांगितलं. ती म्हणाली, "ते बोलू देतात का?" मला उत्तरच देता येईना. मग तिने एका चिठ्ठीवर दादरचा पत्ता लिहून दिला.

ही डॉक्टर म्हणजे देवी वगैरे समजू नकोस. स्वतः वेळेवर येत नाही, वेटिंग रूममध्ये एकच पंखा, आणि फोनवर तर अशी तुटक बोलते की दुसऱ्यांदा करायची हिंमत होऊ नये. पण आत गेल्यावर तिने माझी फाइल बंद करून बाजूला ठेवली.

"सकाळी उठल्यापासून सांगा. किती वाजता उठता?"

"पाचला. पाणी पाच ते सहाच येतं."

"मग?"

"पिंपाला पाइप लावते, गॅसवर चहा टाकते."

"गोळी केव्हा?"

"चहाबरोबरच. दोन्ही एकदम घेऊन टाकते."

"दोन्ही म्हणजे?"

मी म्हटलं, थायरॉइडची आणि लोहाची. दोन्ही उपाशीपोटी घ्यायला सांगितल्यात. तिने पेन खाली ठेवलं. मला वाटलं आता ओरडणार. पण ती म्हणाली, "हे तुम्हाला आजपर्यंत कोणी विचारलं नाही?"

लोह आणि ही थायरॉइडची गोळी पोटात एकमेकींना चिकटतात. मग थायरॉइडची गोळी रक्तात पुरेशी उतरतच नाही. वर दुधाचा चहा. तो थायरॉइडच्या गोळीला आड येतो आणि लोहालाही. म्हणजे दोन गोळ्या घेत होते आणि एकीचाही धड उपयोग नव्हता. आता याची गंमत बघ. थायरॉइड कमी म्हणून पाळीत रक्त जास्त जातं, म्हणून हिमोग्लोबिन खाली, म्हणून लोहाची गोळी, आणि त्या गोळीने थायरॉइड आणखी कमी. घाण्याच्या बैलासारखी दीड वर्ष मी त्याच रिंगणात फिरत होते आणि दर दोन महिन्यांनी कोणीतरी डोस वाढवत होतं. तिने कागदावर साधा हिशेब केला. ग्रंथी पुरती बंद पडली असली तरी किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम लागतात, माझं वजन ६२, म्हणजे शंभराच्या आसपास. "तुम्ही १२५ घेताय आणि टीएसएच १४. मग गोळी जातेय कुठे?" इतका सरळ प्रश्न, शमे.

मग ती उठून माझ्या मागे उभी राहिली, दोन्ही हातांची बोटं गळ्यावर ठेवली, हातात पाण्याचा ग्लास दिला आणि म्हणाली, एक घोट गिळा. गिळताना ग्रंथी बोटांखालून वर सरकते, ती कशी लागते ते बघायचं असतं. नंतर मला खुर्चीवर पाठमोरी गुडघे टेकायला लावलं, पावलं बाहेर लोंबती. टाचेच्या वर तिने रबरी हातोडीने टिचकी मारली. पाऊल झटकन हललं, पण जागेवर परत येताना मात्र रेंगाळलं. सोबत आलेल्या माझ्या नवऱ्याला तिने जवळ बोलावून दाखवलं, "बघा, जातं लगेच, परत यायला वेळ लावतं. थायरॉइड कमी असला की होतं असं." नवरा म्हणतो, "घरी हाक मारली तरी असंच होतं." मी त्याला तिथेच चिमटा काढला. पण खरं सांगू? दीड वर्षात पहिल्यांदा वाटलं की हे मी मनाने काढलेलं नाही, डोळ्यांना दिसण्यासारखं आहे.

आता तुझ्या कामाचं. टीएसएच वाढला म्हणजे थायरॉइड वाढला असं तू समजलीयेस, ते उलटं आहे. आमच्या सोसायटीत टाकी रिकामी झाली की सेक्रेटरी पंपवाल्याला फोन लावतात. तो उठला नाही की परत लावतात, परत लावतात. टीएसएच म्हणजे मेंदूखालच्या ग्रंथीने लावलेले फोन. तुझे ११.८, म्हणजे पंपवाला झोपलाय. बहुतेक ठिकाणी चार-साडेचारपर्यंत ठीक धरतात. पण एकट्या टीएसएचवर थांबू नकोस, सोबत फ्री टी-फोर (म्हणजे ग्रंथीचं रक्तातलं हार्मोन) आणि अँटी-टीपीओ करून घे. माझं अँटी-टीपीओ भरपूर आलं. म्हणजे अंगातले रखवालदारच ग्रंथीला चोर समजून बडवतायत. हाशिमोटो म्हणतात त्याला. हाकारू हाशिमोटो नावाच्या जपानी सर्जनने १९१२ साली हा आजार पहिल्यांदा मांडला. सासूबाईंनी नाव ऐकलं आणि म्हणाल्या, "मोटारसायकलचं वाटतं."

सासूबाईंवरून आठवलं, मीठ. त्यांनी कुठेतरी ऐकून घरात सैंधव सुरू केलं होतं. थायरॉइडला लागणारं आयोडीन त्यात बहुधा नसतंच. माझा आजार काही त्याने झालेला नाही, पण घरात वाढत्या वयाची नात आहे. मी नंतर वाचलं, १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्यात आयोडीनचं मीठ देऊन गलगंड कमी होतो हे दाखवलं, आणि त्यातून १९६२ ला देशाचा गलगंडाचा कार्यक्रम उभा राहिला. इतक्या लोकांनी इतकी वर्षं खपून ते साधं पांढरं मीठ आपल्या डब्यात आणलं आणि आपण ते महाग दगडी मिठासाठी फेकून देतो! आता पुन्हा साधं मीठ. सैंधव उपवासापुरतं. पण वरून आयोडीनच्या गोळ्या मात्र घेऊ नकोस, हाशिमोटोत त्याने उलटंच होऊ शकतं. कोबी-फ्लॉवर सोडायला कोणी सांगितलं तर ऐकू नकोस. शिजवलेली, घासभर भाजी काही करत नाही.

गोळी मी आता अशी घेते. बाटली गॅसवरच्या कपाटात मसाल्यांशेजारी असायची, वाफ आणि उष्णता खात. ती आता खोलीत, उशाशी तांब्या-भांड्याजवळ. पाचला पाय खाली टाकण्याआधी साध्या पाण्याबरोबर गोळी. मग पाणी भरायचं, कणीक मळायची, आणि चहा सहाला. तो तासभर पहिल्या आठवड्यात खायला उठायचा, आता सवय झाली. लोह दुपारच्या जेवणानंतर ऑफिसात, कॅल्शियम रात्री. मधे चार तास सोडायचेच. कंपनी सारखी बदलायची नाही. मेडिकलवाला "सेमच आहे ताई" म्हणून दुसरी बाटली पुढे करतो, तेव्हा मी मान हलवते. एखाद्या दिवशी चुकली तर घाबरू नकोस, हे औषध अंगातून निम्मं व्हायलाच आठवडाभर घेतं. म्हणूनच डोस बदलला की सहा ते आठ आठवडे थांबूनच तपासायचं. पंधरा दिवसांनी लॅबवाल्याला पैसे देऊ नकोस. आणि बायोटिन घेत असशील तर तपासणीआधी दोन-तीन दिवस बंद. त्याने आकडा चुकीचा येतो. माझा मधेच एक रिपोर्ट २.४ आला होता आणि सगळे खूश झाले होते, तो त्यामुळेच असणार असं ती म्हणाली.

तिने गोळ्यांच्या वेळा बदलतानाच १२५ वरून १०० केलं, कारण आता गोळी खरोखर पोचणार होती. जास्त झाली तर छाती धडधडते, हाडं ठिसूळ होतात. सहा आठवड्यांनी टीएसएच ५.२, पुढच्या खेपेला ३.१. पाळी पाच दिवसांवर आली. हिमोग्लोबिन अकराच्या वर गेलं. केस अजून जातात, पण पुंजका नाही. वजनाचं विचारलं तर ती म्हणाली, "थायरॉइडचे त्यातले दोन-चार किलो. बाकीचे तुमचे." मला राग आला होता. वडापाव आठवला आणि गप्प बसले.

थकवा अजूनही एखाद्या दिवशी येतो, हे लपवत नाही. टीएसएच छान आणि अंगात त्राण नाही, असेही दिवस जातात. तेव्हा ती आकडा दाखवून मला गप्प करत नाही. झोप विचारते, बी-ट्वेल्व्ह बघते, व्हिटॅमिन डी बघते. एकदा तर म्हणाली, "हे कशाने होतंय ते मला आज कळत नाहीये, पुढच्या वेळी बघू." डॉक्टरच्या तोंडून हे ऐकून मला किती बरं वाटलं ते तुलाच कळेल.

सांगलीत कोणाकडे जायचं हे मी इथून कसं सांगू? पण पहिल्या भेटीत एक बघ. तू बोलायला लागल्यावर तुझं पहिलं वाक्य पुरं होतं का. आणि एका कागदावर सगळ्या गोळ्या लिहून ने, संधिवाताच्या, पित्ताच्या, कोणी फुकट दिलेल्या पावडरीसुद्धा. पित्ताच्या गोळीचाही यात संबंध येतो, आणि ती तू चण्याफुटाण्यासारखी खातेस.

तुझ्या सायलीचं मात्र थांबवू नकोस. हे घराण्यात फिरतं, आणि तिला मूल हवंय म्हणालीस ना? तिने आत्ताच एकदा टीएसएच करून घ्यावा. दिवस राहिल्यावर गरज वाढते आणि पहिले महिने बाळ आईच्याच थायरॉइडवर असतं. तिला घाबरवू नकोस, तुझ्या त्या आवाजात तर मुळीच नको. मला फोन करायला सांग.

रिपोर्ट पुन्हा पाठव, दोन्ही पानं, सरळ धरून, अंगठा बाजूला ठेवून. आणि गणपतीत येशील तेव्हा तुमच्याकडची हळद आण अर्धा किलो, इथली नुसतीच पिवळी असते.

तुझी,
विजू

ता. क. डोंबिवलीचं नवऱ्याला अजून माहीत नाही. बोलू नकोस.