मंदारला पत्र: गाडीच्या आवाजाबद्दल

रत्नागिरी

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार. आवाजासाठी गाडीला ओपन कोन फिल्टर, म्हणजे डब्याशिवायचा उघडा, शंकूसारखा एअर फिल्टर, लावायचं ठरवलंयस असं तुझ्या पत्रात वाचलं. अजून लावला नसशील तर थांब, आधी माझं ऐक.

तुझी ओढ मला कळते. आरे-वारेच्या चढाला काच खाली करून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की इंजिन पुढून जो घुमार देतं, त्याची सर सायलेन्सर कापून काढलेल्या फाटक्या आवाजाला नाही. शिवाय हा घुमार पाय दाबल्यावरच येतो. थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा झडपेचा भाग, मिटलेला असला की त्याची चकतीच आवाज अडवते, त्यामुळे वाडीतून सावकाश जाताना कुणाची झोपमोड होत नाही. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

तर चार सिलिंडरचं इंजिन दर दोन फेऱ्यांत चारदा हवा ओढतं, म्हणजे ३००० आरपीएमला सेकंदाला १०० वेळा. प्रत्येक ओढीची लाट हवा आत नेणाऱ्या पाइपातून उलटी बाहेर येते, तोच हा आवाज. तो दाबायला बऱ्याच गाड्यांत पाइपाला रेझोनेटर जोडलेला असतो, नुसता पोकळ प्लास्टिकचा डबा. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती जशी एकाच सुरात घुमते, तसा हा डबा एका ठरावीक कंपनसंख्येला जागा होतो आणि तेवढा सूर गिळून टाकतो. आपण काढायचा तो हा. फिल्टरचा मूळ डबा तसाच ठेवायचा.

रेझोनेटर काढल्यावर राहिलेलं भोक मात्र घट्ट बंद कर. ते फिल्टरच्या आधी असेल तर बॉनेटमधली गरम हवा आत येईल. नंतर असेल तर जांभ्याची लाल धूळ थेट सिलिंडरमध्ये जाईल, आणि तिथे पिस्टनच्या रिंगा झिजायला वेळ लागत नाही.

उघड्या कोनबद्दल माझी खरी तक्रार गरम हवेचीच आहे. हवा तीन अंशांनी तापली की साधारण एक टक्का विरळ होते. ट्रॅफिकमध्ये बॉनेटखाली ३० अंश जास्त झाले तर नऊ-दहा टक्के हवा कमी. आवाज वाढला की ताकद वाढल्याचा भास होतो, एवढंच. तेल लावलेला कापडी फिल्टर घेतलास तर तेल बेताने लाव. जादा झालं तर आत जाणारी हवा मोजणाऱ्या मास एअर फ्लो सेन्सरच्या तारेवर बसतं आणि गाडी अडखळते.

आणि पाइपाचं तोंड बंपरमध्ये खाली नेणारा किट कुणी कितीही गळ्यात मारला तरी घेऊ नकोस. वाशिष्ठी काय करते ते चिपळूणकरांनी २२ जुलै २०२१ ला पाहिलंय. पुराचं सोड, रस्त्यावर साचलेलं पाणीही पुरतं. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, एक घोट सिलिंडरमध्ये गेला की पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. कंपनीने तोंड वर ठेवलंय ते ह्याचसाठी.

कायद्याचंही बघ. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मोठा फेरफार चालत नाही, आणि वॉरंटीचा प्रश्न आहेच. म्हणून काढलेला डबा क्लिपांसकट जपून ठेव, परत बसवता आला पाहिजे.

येत्या रविवारी गाडी घेऊन इकडेच ये. १० नंबरचा पाना आणि स्क्रू ड्रायव्हर माझ्याकडे आहे, भोकासाठी रबरी बूच तेवढं घेऊन ये. इंजिन गार असताना काम करू, म्हणजे जेवून आरे-वारेला जाता येईल. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
सुहास