कोणत्या राइड बंद, ते खिडकीवरच लिहा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

सुट्टीत नातवंडांना घेऊन शहराबाहेरच्या एका मनोरंजन पार्कात गेले होते. गर्दी अगदीच तुरळक. मुलं मोबाइल सोडत नाहीत म्हणून लोक येईनासे झाले, असं तिथला कर्मचारी म्हणाला. मला हे पटत नाही. १८७९ सालची आपली वडोदऱ्याची कमाटीबाग आजही रविवारी फुलून जाते!

पार्कात तिकीट पूर्ण घेतलं आणि मोठ्या पाळण्याला दोरी बांधलेली. ‘काम चालू आहे’ ही पाटी उन्हाने विटून गेलेली, आसपास कामगार एकही नाही. घरचं पाणी फाटकावरच ठेवून घेतलं. आत बाटली चढ्या भावाने. धाकटी नात उंचीच्या पट्टीपाशी टाचा उंचावून उभी राहिली, तर बघायला माणूसच नव्हता. याची मला फार धास्ती वाटली. राजकोटच्या गेम झोनमध्ये २५ मे २०२४ रोजी लागलेल्या आगीत २७ जण गेले, हे आम्ही कसं विसरणार?

बंद राइडची यादी तिकीट खिडकीवर लावा. प्रत्येक राइडवर शेवटच्या तपासणीची तारीख लिहा. पिण्याचं पाणी फुकट द्या. प्रशासनाने दिवाळीच्या सुट्टीआधी हे सक्तीचं करावं.

– एक आजी, दांडिया बाजार, वडोदरा