उन्हाची मोजणी कोण करणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला उंच इमारतींची बाजू घेणारा लेख वाचला. लगेच लिहिणार होतो, पण घरच्यांनी सांगितलं, आधी जेवून घ्या, रागात लिहू नका. जेवलो, झोपलो, सकाळी पुन्हा वाचला. राग तसाच आहे.

लेखक म्हणतात की, टॉवरला विरोध करणारे प्लॉट-कॉलन्यांतले लोक स्वार्थी आहेत. स्वतःचा बंगला झाला की दुसऱ्याच्या घराला आडवे येतात. असतील काही तसे. पण आम्ही जळगावकर आहोत. उंचीचं आम्हाला वावडं असण्याचं कारण नाही. पालिकेची सतरा मजली इमारत उभी राहिली तेव्हा अमळनेर-चोपड्याचे पाहुणे आले की आम्ही त्यांना हौसेने ती दाखवायला न्यायचो. ती बाजारपेठेत उभी आहे, माझ्या गच्चीच्या दक्षिणेला नाही.

माझं म्हणणं फक्त या दक्षिणेबद्दल आहे.

माझं घर साधं, तळमजला आणि वर एक मजला. सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये गच्चीवर सौर पॅनेल बसवायची सूर्यघर योजना आणली, तीन किलोवॅटला ७८ हजार अनुदान. उरलेले पैसे भविष्य निर्वाह निधीतून घातले. पॅनेल बसली, नेट मीटर लागला, रोजचे दहा-बारा युनिट पडू लागले. विजेचं बिल पाहून शेजारच्या काकू दोनदा विचारायला आल्या, नक्की एवढंच का म्हणून. त्याच सुमारास मागचे, म्हणजे दक्षिणेकडचे, तीन प्लॉट एकत्र झाले आणि पलीकडच्या मोठ्या रस्त्याकडे तोंड करून बारा मजल्यांचं काम निघालं. त्याची पाठ आमच्याकडे. गेल्या डिसेंबरात आठवा स्लॅब भरला आणि दुपारी बारा वाजता माझं मीटर संध्याकाळी सहाला दाखवावं तसं दाखवू लागलं. ही पॅनेल एका माळेत जोडलेली असतात. एकावर सावली पडली की अख्खी माळ मान टाकते, हे बसवणाऱ्याने पैसे घेताना सांगितलं नव्हतं.

साइटवर गेलो. बिल्डर, नाव लिहीत नाही, माणूस बोलायला फार गोड. चहा मागवला. म्हणाला, “काका, खान्देशात सावली मिळतेय, नशीब समजा!” आजूबाजूचे हसले. मीही हसलो, चहा त्याचा होता.

पण मी भूमापक म्हणून नोकरी केलेला माणूस. घरी येऊन कागद घेतला. जळगाव २१ अंश उत्तर अक्षांशावर. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ४५ अंशांवर असतो, म्हणजे इमारत जितकी उंच तितकीच लांब तिची सावली, आणि पडते उत्तरेकडे. बारा मजले म्हणजे ३६ मीटर धरा. आमच्या घरांच्या दोन ओळी झाकून ती पुढच्या गल्लीत उतरते. माझ्या हिशेबाने दसऱ्यापासून शिमग्यापर्यंत आमच्या गच्चीवर दुपारचं ऊन नाही. आता उन्हाळा घ्या. मेच्या अखेरीस सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीलाही सावली उरत नाही. तेव्हा या टॉवरची सावली त्याच्याच पायाशी. पारा ४५ वर असताना आम्हाला तिचा हातभर तुकडा मिळणार नाही, उलट भिंत रात्री अकरापर्यंत धगधगत राहील. थंडीत जे ऊन हवं ते गेलं आणि उन्हाळ्यात जी सावली हवी ती आली नाही. नशीब समजायचं ते नेमकं कशाला?

वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात उजेड-हवेचा हक्क आहे, पण तो २० वर्षं अखंड उपभोग घेतल्यावर, आणि तोही घराच्या खिडकीला मिळतो. गच्चीवरच्या पॅनेलचं काय ते न्यायालयात जाऊन पाहावं लागेल. पॅनेलची हमी २५ वर्षांची असते. म्हणजे २० वर्षं कुणी आड येऊ नये म्हणून देवाला नारळ ठेवायचा, हक्क मिळवायचा आणि उरलेली पाच वर्षं ऐश करायची. माझं वय या पत्रात लिहीत नाही.

२०२० च्या बांधकामाच्या एकत्रित नियमावलीत मूळ चटई निर्देशांक, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येईल तो आकडा, १.१, त्यावर पैसे भरून प्रीमियम, त्यावर टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क, आणि निवासी इमारतीला वर ६० टक्के अनुषंगिक, म्हणजे जिने-बाल्कन्या वगैरेंसाठी. जमीन, रस्ता, उंची, पार्किंग, सगळ्याची मोजणी आहे. मागच्या घराचं किती ऊन जाईल याची मोजणी कोणी मागितल्याचं मला आढळलं नाही. सरकार एका हाताने ऊन पकडायला ७८ हजार देतं, दुसऱ्या हाताने तेच ऊन अडवायची परवानगी देऊन प्रीमियम घेतं. काकू म्हणाल्या, “आते ऊन बी इकत लेनं पडी का?” त्यांचा राग वेगळाच आहे. यंदा त्यांच्या वाळत घातलेल्या बिबड्यांवर, म्हणजे ज्वारीच्या पापडांवर, सिमेंटची धूळ बसली, सगळ्या गाईला घालाव्या लागल्या, आणि गाईनेही तोंड फिरवलं.

उंच बांधलं की केळीची जमीन वाचते, असं लेखक लिहितात. वाचत असेल तर आनंदच आहे. मग गावाबाहेर शेतात चुन्याच्या रेघा आणि प्लॉट विक्रीच्या पाट्या कमी का होत नाहीत, तेही त्यांनी एकदा येऊन पाहावं. लेखक पुण्यात राहतात असं खाली छापलंय. बारा मजल्यांना पाणी कुठून येणार, हा प्रश्न मी विचारतच नाही. इथल्यांना उत्तर ठाऊक आहे, त्याला चार चाकं असतात.

टॉवर पाडा, असं मी म्हणत नाही. वरचे चार मजले अजून झालेले नाहीत. परवानगीच्या नकाशासोबत २१ डिसेंबरच्या सावलीचाही नकाशा लावायला सांगा, आणि ज्यांच्या गच्चीवर ती पडते त्यांना तो आधी दाखवा. एका दुपारचं काम आहे. कुणाला जमत नसेल तर मी फुकट काढून देतो.

हे पत्र छापणार असाल तर पूर्ण छापा. मागच्या वेळी नेमकं बिल्डरांविषयीचं वाक्य जागेअभावी गळलं होतं. त्याच अंकात पहिलं पान, दुसरं पान आणि मधलं घडीचं पान फ्लॅटच्या जाहिरातीला होतं, तिथे जागा भरपूर होती.

आपला,
एक जुना वर्गणीदार, जळगाव

ता. क. : पंचांगाच्या चौकटीत तुम्ही सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा मुंबईच्या छापता. आमच्याकडे सूर्य मुंबईच्या दहा-अकरा मिनिटं आधी माथ्यावर येतो. जळगाव आवृत्तीत जळगावची वेळ छापायला तरी कुणाची परवानगी लागत नसावी.